शेवटच्या बंदरावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुना, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आहे. राखाडी अंगाचा, चार बटणांचा. माझ्यासारखे आता दुकानात काचेच्या कपाटात बसतात आणि किंमत ऐकून माणसांना घाम फुटतो. मलाही चारशे युरोंना विकलं. पण विकला गेलो तेव्हा मी रिकामा होतो. ते कसं झालं, ते ऐका.

माझी पहिली मालकीण फ्राउके. तेरा वर्षांची, रक्ताच्या आजाराने बिछान्याला खिळलेली. तिने माझं एक बटण जांभळ्या नेलपॉलिशने रंगवलं आणि एकाच कॅसेटवर अख्खा हिवाळा काढला. त्या खेळात बोट हाकत एकेक बंदर गाठायचं आणि गाठलेल्या बंदरावर आपल्या मजकुराची पाटी लावायची. मला उशाशी घेतल्याशिवाय ती झोपत नसे. मी तर फुशारूनच गेलो होतो.

एके दुपारी तिने धाकट्या भावाला, वीट्सेला, जवळ बोलावलं. "शेवटच्या बंदरावर तुझ्यासाठी पाटी लावलीय."

"काय लिहिलंयस?"

"सांगेन होय! तुझं तू पोच, रड्या, मग वाच."

मार्चमध्ये ती गेली. त्या घरात कुणी मोठ्याने रडलं नाही. आमच्या फ्रीसलंडची, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेकडची माणसं तसलीच, छातीवर दगड ठेवून 'ठीक आहे' म्हणणारी. नऊ वर्षांच्या वीट्सेला मात्र तिचा भयंकर राग आला होता. राणीच्या वाढदिवशी पोरं रस्त्यावर चादर पसरून आपली जुनी खेळणी विकतात. त्याने चादरीवर तिचे स्केट्स ठेवले आणि शेजारी मला. युरो यायच्या आधीचे ते दिवस, पाच गिल्डरांत मी गेलो. गिऱ्हाईक मला घेऊन वळलं, तसा तो चादर सोडून मागे धावत आला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

पुढची पंचवीस वर्षं मी कुणाच्या तरी माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात. ढुंकून बघायला कुणी नव्हतं. पण कॅसेटमधला बटणाएवढा सेल ती पाटी जपून होता, म्हणून मीही तग धरला.

मग तो डबा वुब्बोच्या दुकानात आला. वुब्बो भला माणूस, हात तर सोनाराचे. त्याने माझा फोटो दुकानाच्या वेबसाइटवर टाकला आणि त्याच दिवशी फोन वाजला. वीट्सेने जांभळं बटण ओळखलं होतं! पण बोलला काय, तर माझ्यासाठी ठेवा, शनिवारी येतो. बस्स. अरे बाबा, दोन वाक्यं जास्त बोलला असतास तर जीभ झिजली असती का?

गिऱ्हाईक लांबून येतंय म्हणून वुब्बोने जीव ओतून काम केलं. नेलपॉलिश पुसलं, पडदा नवा बसवला. सेल म्हातारा झालाय, पुढे त्रास नको, म्हणून कॅसेट उघडून तोही बदलला. जुना सेल निघाला आणि फ्राउकेची सगळी बंदरं पुसली गेली. मला ओरडायला तोंड नव्हतं.

शनिवारी वीट्सेने मला सुरू केलं. खेळाडूंच्या नावांच्या तिन्ही ओळी कोऱ्या.

"आत आधीचं काही..." त्याने विचारलं.

"सगळं साफ केलंय," वुब्बो कौतुकाने म्हणाला. "कुणा पोरीचा जुना खेळ होता. नवाकोरा झाला की नाही?"

वीट्सेचा अंगठा त्या बटणावर थांबला. "ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने पैसे दिले.

त्या हिवाळ्यात रोज थोडं थोडं खेळत तो शेवटच्या बंदराला पोचला. तिथली पाटी कोरी होती. 'पोचलो,' एवढंच त्याने लिहिलं, आणि मला छातीशी धरून तो मोठ्याने रडला.

फ्राउकेने काय लिहिलं होतं, ते तुम्हाला सांगितलं असतं, मित्रांनो. पण ते कॅसेटमध्ये होतं, आणि ते दाखवणारा माझा जुना पडदाही आता नाही. म्हणून एवढंच सांगतो. कुणाची जुनी वस्तू पुसायला घ्याल, तेव्हा आत कोणाचं काय आहे ते आधी विचारा. आणि ती तुमची असेल, तर कृपा करून तोंड उघडून सांगा.