एका बोटाचा कळफलक

मित्रांनो, मी एक जुना कळफलक आहे. कधीकाळी दुधी होतो, आता पिवळा पडलो आहे. माझ्या बऱ्याच कळांवरची अक्षरे पुसली गेली आहेत.

कारखान्यातून मी थेट एका कचेरीत आलो. तिथले एक प्रोग्रॅमर माझ्यावर काम करत. समोर काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरे. माउसला ते शिवतही नसत. एका फाईलमधला मजकूर दुसरीत नेणे म्हणजे त्यांच्या हातचा मळ. सुरुवातीला खूण करायची, शेवटाला खूण करायची, मधला मजकूर उचलायचा, दुसरी फाईल उघडून तिथे ठेवायचा. शेजारचे म्हणत, "यांची बोटं दिसतच नाहीत." ते ऐकून मी फुशारून जाई.

पुढे नवे कळफलक आले. त्या प्रोग्रॅमरना मला टाकून देववेना म्हणून त्यांनी घरी आणले आणि माळ्यावर ठेवून दिले. गळ्याभोवती माझीच वायर गुंडाळलेली, वर खोक्याचे झाकण. तिथे मी वर्षानुवर्षे पडून होतो.

एके दिवशी झाकण उघडले. त्यांची मुलगी होती. तिच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली होती आणि अंगात फक्त उजव्या हाताचे एक बोट हलत होते. नव्या कळफलकावर ते बोट चुकत होते. माझ्या कळा मात्र त्याला पाठ होत्या.

एक ओळ लिहितानाही बाबा घामाघूम होत. म्हणून त्यांनी रोज लागणारी वाक्ये एकदाच एका फाईलमध्ये लिहून ठेवली. 'पाणी दे.' 'कुशीवर वळव.' 'मी ठीक आहे, तू जा.' हवे ते वाक्य तिथून उचलून ते दुसऱ्या फाईलमध्ये ठेवत आणि मुलीची आई ते वाचून काम करी.

घरच्यांची सोय झाली. बाबा मात्र त्या मूठभर वाक्यांत कोंडले गेले. कधी त्यांचे बोट एखाद्या कळेवर नुसतेच थरथरत राही. काहीतरी वेगळे सांगायचे असे. मग दमून ते पुन्हा 'मी ठीक आहे' उचलत. मित्रांनो, तेव्हा मला माळ्यावरचे खोके आठवे.

मग मुलीला दूरच्या शहरात जहाजांचे आराखडे काढायची नोकरी मिळाली. तिला लहानपणापासून तेच करायचे होते. तरी ती म्हणाली, "मी नाही जात."

"तुझं तू ठरव," आई म्हणाली, आणि पाठ फिरवून भांडी विसळू लागली.

बाबांनी लगेच वाक्य उचलून ठेवले. 'मी ठीक आहे, तू जा.'

मुलगी हसली, पण तिचे डोळे भरले होते. "बाबा, आई भाजीला निघाली तरी तुम्ही हेच ठेवता. यावर मी कसा विश्वास ठेवू?"

दुपारच्या जेवणानंतर बाबांनी कोरी फाईल उघडली. एकेक अक्षर लिहू लागले. चुकले की पुसत. आई म्हणाली, "अहो, दमाल. राहू द्या आता." बोट थांबले नाही. मी जीव मुठीत धरून प्रत्येक कळ खाली जाऊ देत होतो. दिवेलागणीला दोन ओळी पुऱ्या झाल्या.

'तू गेलीस तर मी वाट बघेन. राहिलीस तर मी तुला कोंडलं, एवढंच बघत बसेन.'

मुलीने त्या ओळी वाचल्या. मग आईच म्हणाली, "कळव कंपनीला, येते म्हणून."

मुलगी गेली. बाबा अजून त्याच खाटेवर आहेत आणि मी त्यांच्या बोटाखालच्या फळीवर. पण तिच्यासाठी ते रोज एक नवे वाक्य लिहितात. तिच्यासाठीच्या वाक्यात त्या तयार फाईलमधून उचललेले काही चालत नाही. काल लिहिले, 'भाजी खारट होती, आईला सांगू नकोस.' फोनवर ते वाचून दाखवायचे काम आईचेच आहे. ते मुलीला वाचून दाखवून ती बाबांना म्हणाली, "पुढे लिहा."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाला बोलायला वेळ लागत असेल. त्याच्या तोंडी तयार वाक्य घालू नका. जवळ बसा आणि त्याचे त्याला पुरे करू द्या.