शेवटच्या खुर्चीपर्यंत

“बाबा, एकच वाक्य पाठ करा,” जिना चढता चढता लेक म्हणाली. “‘महागाई वाढलीय खरी, पण बघू या काय होतंय.’ कुठल्याही पक्षाच्या माणसाला चालतं ते.”

माइकवाल्याने मान डोलावली. लेकीने स्वतः निवडलेल्या मुलाच्या घरी तो पहिल्यांदाच चालला होता. मुलाचे वडील राजकारणाचे भलतेच वेडे. तीन वर्तमानपत्रं संपल्याशिवाय तोंड धूत नाहीत म्हणे. आणि माइकवाल्याला सरकार म्हणजे वरच्या मजल्यावरचं भांडण. आवाज येतो, कारण कळत नाही. आपल्या अडाणीपणापायी पोरीचं जमलेलं फिसकटू नये, एवढीच त्याला धास्ती होती.

आत गेल्यावर तो सवयीने सगळ्यात मागच्या, दाराजवळच्या खुर्चीत बसला.

“काय म्हणता? आघाडी टिकेल?” मुलाच्या वडिलांनी चहाचा कप हातात देतादेताच विचारलं.

“महागाई वाढलीय खरी,” माइकवाला म्हणाला, “पण बघू या काय होतंय.”

“अगदी बरोबर! आणि त्या नव्या कायद्याचं?”

“महागाई वाढलीय खरी...”

लेकीने डोळेच मिटून घेतले.

“अहो, तीस वर्षं तुम्ही सगळ्या पक्षांच्या सभांना माइक लावताय. एवढी भाषणं ऐकलीत, तुमचं स्वतःचं काही मत असेलच की!”

पाठांतर संपलं होतं. माइकवाल्याने खरं ते सांगून टाकलं. “भाषण कधी ऐकलंच नाही हो. आवाज ऐकतो. खरखरतोय का, शिट्टी मारतोय का. शेवटच्या खुर्चीत जाऊन बसायचं. तिथे नीट आलं की आपलं काम झालं.”

“निदान अर्थमंत्री कोण, ते तरी?”

“खर्जातले की नाकातले?”

मुलगा फस्सकन हसला. वडील मात्र तावातावाने उठले. “असे मतदार असल्यावर देशाचं व्हायचं कसं? मी विचारतो, बंधूंनो...”

माइकवाल्याने कप खाली ठेवला. “थांबा. तुम्ही माझ्या माइकवर बोललायत.”

“कधी?” वडिलांनी वळून विचारलं.

“वीसेक वर्षं झाली. शाळेच्या मैदानावर. ‘बंधूंनो’ म्हणताना तुमचा सूर चढतो आणि जरासा फाटतो. मी तेवढा दाबून घेतला होता. पुढे नऊ-दहाच माणसं होती.”

“सात,” वडील हळूच खाली बसले. “त्यातले दोघे खुर्च्या न्यायला आलेले. सपाटून पडलो.”

मुलाने कान टवकारले. या निवडणुकीबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

“मी बोललो काय होतो... आठवतंय?” वडिलांनी विचारलं.

खोटं सांगावं, असं माइकवाल्याच्या मनात येऊन गेलं. पण त्याच्याच्याने ते झालं नाही. “शब्द नाही आठवत. पण मी मागे बसलो होतो. शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ पोचत होतं. खुर्च्या रिकाम्या होत्या, त्याला तुम्ही काय करणार?”

वडिलांनी आपला कप बाजूला सारला. मग लेकीकडे वळून म्हणाले, “पोरी, तुझ्या बाबांना पुढे बसव. दारात काय बसवलंयस?”

“नको, मला इथेच बरं,” माइकवाला म्हणाला. “तुम्ही बोला, व्याही. आज शब्दसुद्धा ऐकतो.”

व्याह्यांनी कॉलर सारखी केली, घसा खाकरला. आणि समोर काहीच नसताना, माइकवाल्याचा हात आवाजाचं बटण थोडं वाढवायला पुढे झाला.