पूजेच्या पडद्यावर सुशांत

घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या चाळीत कोणालाही विचारा, वनमालाबाईंचा सुशांत कुठे असतो? उत्तर एकच. गावी गेलाय, कुडाळला. आठ महिने झाले!

खरं म्हणजे सुशांत घरातच होता. पोटमाळ्यावर. आधी नोकरी सुटली, मग झोप उडाली, मग कानात कोणीतरी बोलायला लागलं. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आवाज कमी झाले, पण आईने त्याला खाली काही उतरू दिलं नाही. शेजारच्या नलिनीकाकू म्हणाल्या, "सुशांतला सांगा, आमसुलं पाठव." तर वनमालाबाईंनी बाजारातून पाव किलो आमसुलं आणली, जुन्या पेपरात बांधली आणि गावची म्हणून देऊन टाकली. एका आजाराचं नाव तोंडातून निघू नये म्हणून एवढा खटाटोप!

सव्वीस जानेवारीला मंडळाची सत्यनारायणाची पूजा. पूजेनंतर मैदानात पडदा बांधून पिक्चर. यंदा सुशांतची बहीण प्रांजल हिने मंडळाला पटवलं, की आधी पंधरा मिनिटं तिने मोबाईलवर काढलेली फिल्म दाखवायची. डोक्याच्या आजारातून उठलेली वस्तीतलीच तीन माणसं त्यात बोलतात. तिसरा सुशांत, आई बाजारात गेली असताना पोटमाळ्यावरच टिपलेला.

वनमालाबाईंना हे कळलं प्रसादाचा रवा भाजताना. झारा तिथेच टाकून त्या प्रांजलकडे धावल्या.

"अक्कल आहे का गं तुला? लोक दादाला येडा म्हणतील!"

"आणि आता काय म्हणतात? काहीच नाही. तू त्याला नसल्यातच जमा केलंयस!"

"तुला उद्या स्थळं येतील…"

"ज्याला नको तो जाईल उडत! आई, दादाने परवापासून गोळ्या बंद केल्यात. म्हणतो, मी कोणाला दिसतच नाही, मग बरा होऊन करू काय?"

गोळ्यांचं हे वनमालाबाईंना ठाऊकच नव्हतं. पण भीती कुठे जाते! त्या तडक गुणाजींकडे गेल्या. मंडळाचे सेक्रेटरी, जुने गिरणी कामगार. ते पडद्याच्या दोऱ्या आवळत होते.

"भावोजी, ती फिल्म लावू नका."

गुणाजी दोरी सोडून खाली बसले. "नको म्हणशीत तर नाय लावूचंय. पोराची आवस आसस तू. पण माका सांग, माज्या भावाक टीबी झालो तेव्हा आमी काय केला? लपवला. लोक काय म्हणतीत म्हणान दवाखान्यात नेलाच नाय. लोक काय्येक म्हणाले नाय, गो. नुसते खांदो देऊक इले."

गुणाजींनी दोरी पुन्हा हातात घेतली.

"सुशांताक इचारलंस?"

नव्हतं विचारलं. आठ महिन्यांत एकदाही नाही!

त्या घरी आल्या, शिडी चढल्या. सुशांत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बाळा, फिल्म लावू?"

तो उठून बसला. "लाव. पण तू माझ्या बाजूला बसशील ना?"

संध्याकाळी मैदान भरलं. मायलेक मागच्या रांगेत बसले, अंधारात. पडद्यावर सुशांतचा चेहरा आला आणि कोपऱ्यातून चाळीतलाच भीमराज ओरडला, "अरे, हा तर गावी होता ना? येडा झाला काय रे!" पोरं खिदळली. सुशांत जायला उठला.

वनमालाबाईंनी त्याचं मनगट पकडलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"भीमराज! गावी नव्हता तो. मी खोटं बोलले सगळ्यांना! आजारी होता, मी कोंडून ठेवला. तुझ्या बापाला शुगर निघाली तेव्हा हसले होते का रे मी?"

भीमराजची मान खाली.

नलिनीकाकू उठल्या. "आमसुलांनंतर लगेच कळलं होतं मला, वनमाला. पोराचं रडणं भिंतीतून यायचं. तू लपवलंस, मी पण गप्प बसले. चुकलंच माझं." त्या येऊन सुशांतच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

फिल्म संपली. रिक्षावाला खंडू घुटमळत जवळ आला. आवाज अगदी बारीक. "सुशांत, तू फिल्ममध्ये म्हणालास ते डॉक्टर कुठल्या वारी बसतात रे? बायको बाळंतपणापासून कोणाशी बोलत नाय. आम्ही बाहेरचं समजून धागेदोरे करत बसलो."

"मंगळवारी. रांग मोठी असते, लवकर निघू," सुशांत म्हणाला. "मी येतो सोबत. माझ्याही गोळ्या आणायच्यात."

मंडळी, आपल्या चाळीत, आपल्या सोसायटीत असा कोणीतरी आहेच. मनाचा आजार हा आजारच आहे, त्याला डॉक्टर आहे, औषध आहे. पण आपण लाजेने दार लावलं, तर डॉक्टर आत येणार कसा? उघडा ते दार! आणि शेजारच्याने उघडलं, तर हसू नका. त्याच्या बाजूला जाऊन बसा.