नऊ कड्या

सासऱ्यांच्या घड्याळाच्या साखळीतून मी नऊ कड्या काढल्या, आणि घरीच काढल्या. सोनाराकडे गेले असते तर दिवेलागणीपर्यंत अख्ख्या ठाण्यात बोभाटा झाला असता की इनास मिस्त्री वाळला.

वाळले होतेच. पावसाळ्यापासून त्यांच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. खोकला नव्हता, ताप नव्हता; पण वाळलेला माणूस दिसला की लोक क्षयाचंच नाव घेतात, आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोण करून घेतो? माझ्या नणंदेला, लुर्दसला, कल्याणचे निकोलस आपल्या मुलासाठी, बॉस्कोसाठी, मागायला येणार होते. बॉस्को तिच्या मनात भरला होता. हे स्थळ हातचं गेलं असतं तर पोरीने अंथरूणच धरलं असतं.

सासऱ्यांचं जाकीट मी दोन्ही बाजूंनी आत घेतलं. ते बेतात बसलं, पण आता घड्याळाची चांदीची साखळी बटणापासून खिशापर्यंत लोंबायला लागली. पूर्वी ती पोटावर ताठ बसायची. सासरे म्हणाले, राहू दे. मी कुणाचं ऐकते थोडीच!

नवऱ्याची पकड घेतली. चांदीवर ओरखडे नकोत म्हणून तिच्या दातांना चिंधी गुंडाळली. कडी ओढून उघडली तर तिचा आकार जातो, एका बाजूला मुरडावी लागते. बटणाकडच्या टोकाची कडी मुरडली, नऊ सोडवल्या आणि बटणात अडकते ती आडवी काडी परत जोडली. सासऱ्यांना उभं करून बघितलं. साखळी झकास बसली. मी स्वतःवरच खूश.

नाताळ होऊन गेल्यावर एका रविवारी देवळातली मिसा उरकून निकोलस गाडीने आले. बोलणं छान चाललं. पुढचं भात कापून झालं की लग्न, असं ठरत आलं. मग परतीची गाडी गाठायची म्हणून त्यांनी किती वाजले ते विचारलं.

सासऱ्यांनी घड्याळ काढलं. त्यांच्या वयाला जवळचं दिसत नाही, हात लांब करूनच बघावं लागतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हात वीतभर गेला आणि अडला. त्यांनी मान मागे घेतली, डोळे बारीक केले, पुन्हा ओढलं. तशी जाकिटाची मी घातलेली शिवण उसवली आणि आतला ढगळ सदरा दिसला. त्यात माणूस नावालाच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निकोलस माझ्याकडे वळले. "किती कड्या काढल्यास, सूनबाई?"

खोटं सुचलंच नाही. नऊ, म्हटलं.

"माझ्या बायकोच्या बांगड्यांना आम्ही आतून दोरा गुंडालायचो," ते म्हणाले. "शेवटी दोराच जास्ती झाला."

लुर्दस दाराआड उभी होती. आता हे उठणार, असं मी धरूनच चालले. ते उठले नाहीत. म्हणाले, भात कापेपर्यंत कशाला थांबायचं? ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत लग्न लागत नाही, ते दिवस लागायच्या आतच उरकू. माझा जीव भांड्यात पडला. पण सासऱ्यांनी एवढ्या घाईचं कारण विचारलं.

"पोरीला तिच्या बापानंच देवलात न्यावी," निकोलस म्हणाले.

सासऱ्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. बोटांच्या पेरांवर आठवडे मोजले, एकदा चुकले, पुन्हा मोजले.

"तवरा मी हाय," ते म्हणाले.