काचेखालची जागा

मी एक जुना सायकल रॅक आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर भित्रा आहे. सिएटलच्या एका बसच्या तोंडाशी माझा जन्म गेला. कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून मला घडवले, प्रवाशांच्या सायकली धरायला चार बोल्टांनी बसला समोरून जखडले, तेव्हापासून मी सगळ्यांच्या पुढे! समोरून येणारा ट्रक आधी माझ्या अंगावर येई. सरोवरावरच्या तरंगत्या पुलावर वारा सुटला की लाटांचे पाणी मला झोडपून काढी. त्या पुलावर सायकल चालवायला बंदी होती, म्हणून पलीकडे जाणारे आपल्या सायकली माझ्या हवाली करत. "हा आहे म्हणून माझी नोकरी आहे," असे एक परिचारिका म्हणाली होती. तेवढ्या कौतुकावर मी बरीच वर्षे काढली.

ऑर्व्हिल लिंडक्विस्ट हा सत्तरीचा गृहस्थ रोज येई. घरोघर जाऊन तो पियानो सुरात लावून देई. सायकल माझ्यात ठेवून तिच्या पुढच्या चाकावर माझा आकडा चढवी आणि हत्यारांची पिशवी हँडललाच अडकवून ठेवी. बस चालवणारी लोरेटा त्याला छेडायची.

"काय ऑर्व्हिल, आज कुणाचा पियानो रडतोय?"

"तुझ्या ब्रेकइतकं कुणीच रडत नाही गं!"

उतरताना तो पुढच्या दाराने उतरे आणि "सायकल काढतोय" असे तिला सांगे. मगच माझ्यापाशी येई.

एका नोव्हेंबरच्या सकाळी मात्र बस खच्चून भरली होती. पुढे सरकता येईना, म्हणून तो मागच्या दाराने उतरला. लोरेटाला काही कळले नाही. सायकल जागेवर दिसत होती, म्हणजे म्हातारा आतच असणार, असे तिला वाटले.

ऑर्व्हिलने माझा आकडा सोडवला, तेव्हा ती आत चढणाऱ्यांकडे पाहत होती. तेवढ्यात पिशवी निसटून बसखाली गेली. ती काढायला तो खाली बसला आणि त्याचे डोके बसच्या पुढच्या काचेखाली दिसेनासे झाले.

दारे मिटली. मी हादरलो. माझ्या नळीपासून त्याचा खांदा वीतभरही लांब नव्हता. मला ओरडायचे होते, पण लोखंडाला आवाज कुठला? बस हलली. त्याच्या कोटाचे कापड माझ्या कडेला घासले. मग त्याचे हाड मला जाणवले. त्याचा तो "अगं!" इंजिनाच्या घरघरीत विरून गेला.

पण आकडा सुटलेला होता ना! त्या हिसक्यासरशी सायकल कलली आणि धाडकन रस्त्यावर आदळली. लोरेटाने जीव खाऊन ब्रेक दाबला.

ती धावत खाली आली. तो खांदा धरून रस्त्यावर बसला होता.

"मेला असतास ना रे! माझ्या हातून मेला असतास!"

"चुकलो गं. सांगायला हवं होतं."

"तोंडाला काय झालं होतं तुझ्या?" असे म्हणत ती त्याच्याशेजारीच बसली आणि हुंदके देऊ लागली.

त्याचे गळपट्टीचे हाड मोडले होते. लोरेटा तीन आठवडे कामावर आली नाही. चौथ्या आठवड्यात ती आली, तेव्हा थांब्यावर ऑर्व्हिल गळ्यातल्या झोळीत हात अडकवून उभा होता. सोबत सायकल नव्हती. नुसता तिला भेटायला आला होता. बस निघताना तिने आधी उठून काचेतून खाली पाहिले. नंतर निवृत्त होईपर्यंत ती रोज तसेच करत असे.

आता माझे बोल्ट गंजलेत. कधी कधी महिनाभर कुणी माझ्यात सायकल ठेवत नाही. तरीही कुणी माझ्यापुढे वाकले की मला धडकी भरते. मित्रांनो, मला तेल नाही घातलेत तरी चालेल. पण बसपुढे येण्याआधी चालकाला हाक मारा, हात वर करा आणि त्याने मान हलवेपर्यंत तिथेच थांबा. पिशवी पडली तर पडू द्या.