लिओची मोजपट्टी खोटी नव्हती

मित्रांनो, मी मासे मोजायची एक जुनी मोजपट्टी आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. तेव्हा माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म नॉर्विच या गिरणीच्या गावातला. तिथली कापडगिरणी बंद पडली तेव्हा लिओ पेलेटिएने तिच्या लाकडी फरशीतली मेपलची एक फळी घरी आणली. त्याचा बाप अशाच फळ्यांवर उभा राहून आयुष्यभर राबला होता. लिओने मला रंधा मारून गुळगुळीत केले, माशाचे तोंड टेकवायला एका टोकाला आडवा तुकडा ठोकला आणि तापलेल्या खिळ्याने इंचांच्या रेघा डागल्या. प्रत्येक रेघ तो दोनदा मोजायचा, मगच डागायचा. अठ्ठाविसाच्या रेघेवर त्याने खोल खाच केली. पुढे मासेमारीचा नियम बदलला, तेव्हा एकतिसाच्या रेघेवरही केली. पट्टेरी बास हा मासा या दोन खाचांमध्ये बसला तरच घरी न्यायचा. लहान असला तर सोडायचा आणि मोठा असला तरी सोडायचा, कारण मोठ्या माद्यांच्या पोटात अंडी जास्त असतात.

हिवाळ्यात हे मासे समुद्रातून आमच्या खाऱ्या नदीत शिरतात आणि खोल पाण्यात गारठून पडून राहतात. लिओ आणि त्याचा मित्र व्हिक ग्राबोव्स्की चाळीस हिवाळे त्यांच्या मागे होते. गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरला की काठी पाण्यात बुचकळायची, व्हिकच्या बायकोने दिलेले कोबी भरलेल्या करंज्यांसारखे पिएरोगी खायचे आणि एकमेकांना टोमणे मारायचे.

“तुझ्या गळाला मासा लागेपर्यंत उन्हाळा येईल,” व्हिक म्हणायचा.

“तू तोंड बंद ठेवलंस तर आत्ता लागेल,” लिओ म्हणायचा.

तेव्हा माझा मान मोठा होता. गावातले लोक आपापल्या पट्ट्या माझ्याशी ताडून बघत. लिओच्या पट्टीवर बसला म्हणजे बसला, असे गळाचे आमिष विकणाऱ्या दुकानात म्हणत.

मग तो जानेवारी आला. लिओला त्या हिवाळ्यात एकही मासा मिळाला नव्हता. हात कापायचे, नजर अधू झाली होती. त्या सकाळी त्याच्या गळाला एक दांडगा बास लागला. लिओच्या चष्म्यावर बर्फ जमला होता, म्हणून व्हिकने मासा माझ्यावर ठेवला. शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवून मग मोजायचे असते, हे शेंबडे पोरही जाणते. पसरलेली शेपटी कमी भरते. व्हिकने ती पसरूनच धरली.

“किती?”

“एकतीस. रेघेला टेकलाय. ने घरी, म्हाताऱ्या!”

“नीट बघ रे.”

“आता काय शपथ घेऊ?”

बत्तीस होता तो! मला तोंड असते तर मी तिथेच त्याला शिव्या घातल्या असत्या.

धक्क्यावर मासे तपासणारी अधिकारी बाई उभी होती. तिने शेपटी चिमटीत धरून आपल्या पट्टीवर मोजले, बत्तीस भरले, आणि कोणी मोजला म्हणून विचारले. व्हिक आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“पट्टी माझी, मासाही माझाच,” लिओ म्हणाला. दंडाची पावती त्याच्या नावाने फाटली.

मित्रावर संशय घेणे त्याला सुचलेच नाही. त्याने संशय घेतला माझ्यावर आणि स्वतःवर. आमिषाच्या दुकानात त्याने स्वतःच जाऊन सांगितले, “माझी पट्टी चुकीची आहे. इतकी वर्षं मी मोठे मासे नेत आलो असणार.” व्हिक शेजारीच उभा होता. गप्प! लिओने गळ टांगून ठेवला आणि मला शेडमध्ये रंगाच्या गळक्या डब्याखाली घातले. मोजायचा पोलादी फिता समोरच्याच खिळ्याला टांगलेला होता, पण एकदाही त्याने मला मोजून पाहिले नाही. वर्षभर माझ्यावर हिरवा रंग ठिबकत होता आणि मी जळत होते.

डिसेंबरात व्हिक आला. हातात काय, तर नवीकोरी ॲल्युमिनियमची मोजपट्टी! भेट म्हणे! लिओचे डोळे भरून आले. त्याने मला डब्याखालून ओढून व्हिकच्या हातात दिले.

“ही घाल शेगडीत. मला बघवत नाही.”

व्हिकने शेगडीचे दार उघडले. धग माझ्या अंगाला लागली. मग त्याचा हात थांबला.

“लिओ, हिची काही चूक नव्हती. शेपटी मी पसरून धरली होती. तुला एक तरी मासा मिळावा, एवढंच वाटलं रे.”

“आणि धक्क्यावर?”

“घाबरलो.”

लिओ खाली बसला. “वर्षभर मी स्वतःला चोर समजत होतो, व्हिक,” तो म्हणाला. व्हिक रडला. लिओने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मला पुसले, तेल दिले. आता आम्ही तिघे पुन्हा नदीवर जातो.

मित्रांनो, आम्हा अवजारांची निगा राखा, आम्हाला गंजू देऊ नका, कुजू देऊ नका. पण त्याहून महत्त्वाचे एक सांगते. आमच्यावर ठपका येईल तेव्हा फेकून देण्याआधी एकदा तपासून पाहा. आणि चूक तुमची असेल तर त्याच क्षणी तोंड उघडा, वर्षभराने नको. लिओने व्हिकला माफ केले. मी केलेले नाही.