दुसरा दोर

तिला गल्लीत सगळे भिंगरी म्हणायचे. ती दहावीत गेली तरी नाव सुटलं नाही, कारण एका जागी न टिकण्याची सवयही सुटली नव्हती. म्हणूनच भूगोलाच्या बाईंनी गल्लीची रंगीत तालीम तिच्या गळ्यात घातली, सोबत एक घड्याळ दिलं आणि बजावलं, "जमीन बराच वेळ हलली की भोंग्याची वाट बघायची नाही. समुद्राकडे पाठ करायची आणि टेकडीवरची पाण्याची टाकी गाठायची. लाट येईपर्यंत आपल्या हातात वीस मिनिटं आहेत, असं धरून चालायचं. एकही जास्त नाही."

तालमीसाठी जमीन कोण हलवणार? तेव्हा शाळेची घंटा न थांबता वाजली की जमीन हलली असं समजायचं ठरलं.

बाकी गल्लीची भिंगरीला काळजी नव्हती. काळजी होती आत्याची. आत्या जाळी विणायची आणि दुरुस्त करायची, तिच्या बोटांचा वेग बघून डोळे गरगरायचे. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून काठी टेकत दहा पावलं चालली तरी तिला धाप लागायची. टेकडीला एकशे बारा पायऱ्या. म्हणून एका लाकडी खुर्चीला दोन लांब दांड्या बांधल्या होत्या, आणि ती उचलायला चौघे नेमले होते: बाबा, इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका आणि बाबांच्या बोटीवरचे दोन खलाशी.

पहिल्या तालमीला घंटा वाजली. गल्ली भराभर रिकामी झाली. भिंगरी आत्याच्या दारात पोचली तर आत्या केस विंचरून, मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीत बसलेली.

"राणीसाहेब तयार आहेत," आत्या म्हणाली. "भोई कुठे गेले तेवढं बघ."

भोई धक्क्यावर होते. बाबा, काका, खलाशी आणि जवळजवळ प्रत्येक घरातला एकेक धडधाकट माणूस खाली वाकून बोटींना दुसरा दोर बांधत होता. समुद्राचं काही बिनसलं की घरटी एकाने धावत जाऊन दोर दुहेरी करायचा, हे तिथं आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घंटा वाजली आणि पाय आपोआप उताराला लागले. ज्या दिशेला पाठ करायची तिकडेच सगळे तोंड करून उभे.

आत्या टाकीपाशी पोचली तेव्हा घड्याळात चौतीस मिनिटं झाली होती.

बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर फळा होता. भिंगरीने त्यावर प्रत्येक घराची वेळ लिहिली आणि शेवटी लिहिलं, 'आत्या: पोचली नाही.'

बाबांचा पारा चढला. "चौतीसला पोचली ना? मग पोचली नाही असं कसं लिहितेस? घरचं सगळं गावासमोर मांडायची हौस आली आहे का?"

"विसाव्या मिनिटाला ती दारातच होती, बाबा," भिंगरी म्हणाली. तिने फळा पुसला नाही.

संध्याकाळी त्याच कारखान्याच्या शेडमध्ये बैठक बसली. बाबा उभे राहिले. "बोट गेली तर जिवंत राहून खायचं काय? हे बाईंच्या पुस्तकात लिहिलंय का?" माणसांनी माना हलवल्या. प्रश्न खोटा नव्हता.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "तुझं बरोबर आहे रे. मला फक्त एकदाचं सांगून टाक, त्या दिवशी मी वाट बघायची की नाही? म्हणजे उगाच केस विंचरत बसणार नाही."

बाबा खाली बसले.

भिंगरीच्या डोक्यात मग एकदम उजेड पडला. "दुसरा दोर त्याच वेळी कशाला? रोज संध्याकाळी बोट लागली की तेव्हाच बांधायचा. मग कुणाला खाली जायचं कारणच उरणार नाही."

"दिवसभर जाळी ओढून हाताची सालं निघतात गं," एक खलाशी म्हणाला. "वर आणखी तेवीस बोटींचे दोर?"

"तुम्ही मासळी उतरवा. दोर आम्ही घरचे बांधू. आपापल्या बोटीला, घरटी एक, पाळीपाळीने."

"गाठ येते का तुला?" बाबांनी विचारलं.

"नाही. शिकवा."

बाबांनी शिकवली, आणि काही हातचं राखलं नाही. ती गाठ मारायची, ते एक हिसका द्यायचे, गाठ सुटायची. "परत." तिचे तळवे सोलून निघाले. "परत." आठव्या दिवशी हिसका बसला आणि गाठ हलली नाही. बाबा शेजारच्या काकूंच्या गाठीला हिसका द्यायला गेले. भिंगरीला मात्र त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

दुसरी तालीम न सांगता होणार होती. रविवारी सकाळी घंटा वाजू लागली. भिंगरी आत्याकडे धावली. जाता जाता गल्लीच्या तोंडातून धक्का दिसला आणि ती जागीच थांबली. सगळ्या बोटींना दोन दोर. त्यांच्या बोटीला एकच. काल तिचीच पाळी होती, आणि गणिताच्या पेपरच्या धास्तीत ती साफ विसरली होती.

बाबा मिस्त्रीकाकांबरोबर तिथेच इंजिन उघडून बसले होते. दुसरा दोर त्यांच्या पायाशी वेटोळं करून पडला होता. दोन मिनिटांचं काम. त्यांनी दोराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"माझी पाळी होती, बाबा. विसरले," ती ओरडून म्हणाली. "पण तुम्ही चला."

बाबा खाली वाकले. त्यांनी दोर उचलला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून बोटीत भिरकावला आणि चढाला लागले. "तुझ्याशी नंतर बोलतो. पळ आधी."

चौघांनी खुर्ची उचलली. साठाव्या पायरीच्या वळणावर दांडी भिंतीला अडकली. "डावीकडे घ्या," आत्या वरून हुकूम सोडत होती, "जेवताना जो हात लागत नाही, तो डावा." हसल्यामुळे खलाशाची पकड सुटता सुटता राहिली.

टाकीपाशी भिंगरीने घड्याळ थांबवलं. साडेएकवीस. तिचा चेहरा पडला.

टाकीच्या कट्ट्यावरून अख्खा धक्का दिसत होता, पण बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घाम पुसत त्यांनी विचारलं, "वळणावर किती गेली?"

"अडीच मिनिटं."

"दांड्या लांब झाल्यात. हातभर कापू."

"करवत आणतो," मिस्त्रीकाका म्हणाले.

"मला उतरवून मग कापा," आत्या म्हणाली.

दांड्या कापल्या, आणि चौघे तिला पुन्हा खाली घेऊन गेले. दुपारच्या उन्हात दुसरी खेप वीस मिनिटं दहा सेकंदांवर आली. कुणी घरी जायचं नाव काढेना. बर्फवाले काका आपण होऊन पाचवे झाले आणि वळणावर आधीच जाऊन उभे राहिले. तिसऱ्या खेपेला खुर्ची भिंतीला न घासता वळली.

अठरा मिनिटं. भिंगरीने आकडा मोठ्याने वाचला. टाळ्या वाजवायला कुणाच्या अंगात दम उरला नव्हता. बाबा पायरीवर बसून धापा टाकत होते. त्यांनी फक्त घड्याळासाठी हात पुढे केला आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.